काळ्या पिशवीची साक्ष

(पेरूमधल्या सेचुरा खाडीचा काठ, भर सकाळ. दहा बायकांच्या संघाची शिंपले सोलायची शेड. संघाची प्रमुख डोमितिला, तिचा पाणबुड्या नवरा सातुर्निनो आणि प्रयोगशाळेतून आलेली नेलिदा.)

डोमितिला : लिहून घे, पोरी. या अख्ख्या समुद्रात देवानं एकच निर्मळ जीव घडवला, आणि तो म्हणजे आमच्या संघाचा पंखाशिंपला.

नेलिदा : तेच लिहायची पंचाईत झालीय, मावशी. तो जरा जास्तच निर्मळ निघाला.

डोमितिला : ऐकलंत?

सातुर्निनो : या कानानं ऐकू येत नाही. पण सूर बरा नव्हता.

नेलिदा : तुमच्या नमुन्यातल्या एकाही शिंपल्यात पोटातली काळी पिशवी नव्हती. पाण्यातलं कॅडमियम, म्हणजे तो विषारी धातू, तिथेच साठतं. आमचे साहेब म्हणतात, पिशवीवरून पाणी ओळखता येतं; ती लपवली म्हणजे शिंपले भलत्याच पाण्यातले असणार.

डोमितिला : म्हणजे मी लबाड.

नेलिदा : तसं कागदावर चढलं तर तुमची शिंपले वाढवायची जागा वर्षभर बंद. म्हणून आधी विचारायला आले. संध्याकाळपर्यंत मला उत्तर द्यायचंय. पिशव्या गेल्या कुठे?

डोमितिला : जाणार कुठे? काढल्या.

नेलिदा : तपासणीच्या नमुन्यातून?

डोमितिला : मग काय, सरकारी माणसांच्या पुढ्यात घाणीसकट ठेवू? चौतीस वर्षं सोलतेय मी. पांढरा गोल ठेवायचा, केशरी गाभोळी ठेवायची, काळं फेकायचं. पाहुण्याला काळं दिसलं की आमच्याकडे सोलणारीचं नाव जातं. दोनदा धुतले, वर लिंबू पिळलं...

नेलिदा : लिंबू.

डोमितिला : थोडंसं.

सातुर्निनो : कांदाही चिरायला घेतला होता. मी अडवलं.

नेलिदा : मावशी, तुम्ही जिला घाण म्हणता ना, ती त्याची तिजोरी आहे. इथे खोलातलं थंड पाणी वर येतं, ते कॅडमियम घेऊनच येतं. शिंपला दिवसभर तेच पाणी गाळतो. विष आत आलं की त्याचं शरीर एक प्रथिन तयार करतं. ते कॅडमियमला असं धरून ठेवतं की त्याला मोकळं फिरून कुठे नासधूस करता येऊ नये. मग बहुतेक सगळं त्या पिशवीत बंद. म्हणून तर तुमचं पांढरं मांस खाण्याजोगं राहतं.

डोमितिला : म्हणजे इतकी वर्षं साफसफाई तो करत होता?

नेलिदा : शेवटचा हात तुमचा.

सातुर्निनो : मी तीस वर्षं त्याच्याशेजारी तळाला जातोय. मला वाटायचं, नुसता बसून खातो.

डोमितिला : बसून खाणारा ओळखायला तुम्हीच हवेत.

सातुर्निनो : बसूनच खातो गं. पण समुद्रानं दिलेलं सगळं कडू पोटात घालून गप्प असतो. तक्रार नाही, उलटी नाही. मला तर परवाची मासळी बाधली.

डोमितिला : आपल्यात असते का गं अशी सोय?

नेलिदा : थोडीफार असते, यकृतात आणि मूत्रपिंडात. पण त्याच्याइतकी पक्की नाही.

डोमितिला : तरीच माझ्या पोटात काही राहत नाही.

सातुर्निनो : हे लिहून घे, पोरी.

नेलिदा : मला तीस शिंपले हवेत. न सोललेले, इथल्याच पाण्यातले. पिशवी वेगळी तपासू, मांस वेगळं. पिशवीत भरपूर आणि मांसात नगण्य असं निघालं, तर शिंपला इथलाच हे ती पिशवीच सांगेल.

डोमितिला : जागेवरचा सगळा माल कालच सोलून बर्फात गेला. उरलीत ती नुसती पिल्लं.

सातुर्निनो : होडीखाली एक गोणी टांगलेली आहे.

डोमितिला : ती रविवारची आहे. नातवाच्या बाप्तिस्म्याची.

सातुर्निनो : एकेक मी आपल्याच जागेतून हातानं निवडून आणलाय. तळहाताएवढे आहेत.

नेलिदा : मी मागणार नाही, मावशी. दुसरं काही असेल तर सांगा.

डोमितिला : दुसरं काय असणार? दहा जणींचं वर्ष एका जेवणासाठी घालवू? पाहुणे बटाटे खातील. काढा हो ती गोणी.

सातुर्निनो : सगळी?

डोमितिला : तीस मोजून घ्या, उरलेले खालीच राहू देत. आणा इकडे, वरचं शेवाळ तरी घासून देते.

नेलिदा : नको.

डोमितिला : चिखल?

नेलिदा : असू दे.

डोमितिला : अशी घाणेरडी वस्तू मी आयुष्यात कुणाच्या हातात दिली नाही.

नेलिदा : आजवर इतका प्रामाणिक नमुनाही कुणी दिला नसेल. मी इथे बसून नमुन्याच्या थैलीवर मोहोर लावते, तुम्ही सही करा. साहेबांना मीच समजावीन.

डोमितिला : कर बाई, नीट कर. आणि तपासून झालं की मांस परत पाठवशील? पाहुणे चाळीस आहेत.

नेलिदा : ते आम्लात विरघळवावं लागतं, मावशी.

डोमितिला : सगळं?

नेलिदा : सगळं.

डोमितिला : बरं. मग शिंपा तरी परत पाठव. दोन मोठ्या बघून. मोरीत साबण ठेवायला हव्यात.