मानेची नस

परभणीच्या दवाखान्यात धुरपताबाई नवऱ्याच्या वाकड्या तोंडातून गळणारी लाळ पदरानं पुसत बसली होती. शेजारी सटवाजी धनगर बायकोवर, बानूबाईवर, खेकसत होता.

“माजा हात लुळा पडला व्हता, अन् ह्यो डाक्टर मानेला नळी लावून ऐकायलाय! कशापायी?”

“अवो, मानेची नस बारीक झाली म्हने. मेंदूला रगत पुरंना. मुंबईला जाऊन साफ करून घ्या म्हनला.”

“मान चिरून? तितं ह्याचा सोयरा बसला आसंल सुरी घिऊन!”

“लोकर कातरताना कातर गळाली तुमच्या हातातून. मेंढरू अर्धंच कातरलेलं पळालं.”

“मग भंडारा लावल्याबरूबर हात चालू झाला का न्हाई? ही बघ मूठ! मेंढरू लंगडलं तर आमी खूर बघतो, गळा न्हाई.”

“पुन्ना झालं तर?”

“मावशी, तुमीच सांगा. बरा झालेला मानूस कुनाच्या हातात मान देतो का?”

धुरपताबाईनं पदराचं कोरडं टोक शोधलं.

“आमीबी भंडाराच लावला व्हता, बाबा. ह्यांनीबी साऱ्या गावाला अशीच मूठ दाखवली व्हती.”