चकमक आणि वांगी

कुहीची बस. माझ्या पुढच्या सीटवर मांडीवर डोंगराएवढी बॅग घेतलेला एक पोरगा. शेजारी वांग्यांनी भरलेली पिशवी सांभाळत बसलेली एक बाई.

"घर बदलून राहिले का, भाऊ?"

"नाही मावशी. जंगलात सर्व्हायव्हल कॅम्प हाय. दोन दिवस जंगलात जे भेटन तेच खाचं."

"काहून? घरी झगडा झाला का?"

"शिकावं लागते न. उद्या जंगलात फसलो तं?"

"जंगलात गेलेच नाही तं कसे फसान?"

"हे पाहा, चकमक. माचिस चालत नाही तिथं."

"तळ्याजवळचे पिवळे तंबू न? मी तिथंच चालली. तंबूमांगं माही चूल राहते."

"पण सर तं म्हणे, तिथं स्वयंपाकच नसते."

"सर असंच सांगते. दुपार कलली का एकेक जण मांगून येते, अन् म्हणते, बाकीच्याइले सांगू नोका. तुमच्या किती पोळ्या टाकू? आताच सांगा, मंग कणीक पुरत नाही."

"मी नाही येणार, मावशी. आपली तयारी पक्की हाय."

"बरं."

दोन थांबे गेले. पोरानं चकमक बॅगेत ठेवली.

"मावशी, वांग्यात तिखट लय टाकता का?"