ठेंगणं दार

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न सोपा आहे. जुनं घर नवं करायला काढलं, तर पाडावं काय आणि राखावं काय? काय म्हणता – इंजिनियरला विचारा? विचारा हो! भिंत कुठली पाडायची ते तो सांगेल. पुढचं सांगणं त्याच्या फीमध्ये बसत नाही!

तर गुहागरकडे एक चिऱ्याचं घर. मालक दिगूअण्णा ताम्हनकर. माणूस ताडमाड उंच – आणि स्वयंपाकघराचं दार ठेंगणं! घर बांधलं अण्णांच्या आजोबांनी, आणि आजोबा होते बुटके. मंडळी, जगात जो तो आपल्याच उंचीचं दार बांधतो!

मग अण्णा आत शिरायला लागले, की चुलीपासून त्यांच्या बायकोचा, सुमतीकाकूंचा, आवाज यायचा – "अहो, डोकं!" की अण्णा वाकलेच! भांडण पेटलेलं असलं तरी – "तुमच्या घराण्यात एकाला म्हणून – अहो, डोकं! – एकाला म्हणून अक्कल नाही!"

हसू नका. तुमच्याकडे दार उंच आहे, एवढाच फरक!

पुढे काकू गेल्या. आणि अण्णांच्या कपाळावर टेंगळं दिसायला लागली. जन्म त्याच घरात गेला, तरी डोकं आपटतंच! का? अहो, दार लक्षात ठेवणं हे त्यांचं खातंच नव्हतं!

मुलगा श्रीधर पुण्याहून आला. "अण्णा, घर दुरुस्तीला काढू. कौलं, फरशी, मोरी – आणि आधी ते दार उंच करू."

"सगळं कर. दार राहू दे."

"अहो, परवा रक्त आलं!"

"माझं डोकं, माझं रक्त. तुझं काय गेलं?"

सून मृणाल हळूच म्हणाली, "अण्णा, पुढच्या खेपेला टाके पडतील हो."

अण्णांनी कपाळावरचं टेंगूळ चाचपलं. मग म्हणाले, "तुम्हाला हवं ते करा." – मंडळी, घरातला म्हातारा असं म्हणाला, की तो होकार समजू नये!

पण त्यांनी समजला. चिरा कापला, नवी सागवानी चौकट बसली. वास्तुशांत झाली, पाहुणे पांगले. आतून श्रीधरनं हाक मारली – "अण्णा, चहाला या!"

अण्णा उठले. दारापाशी आले – आणि थांबले. आत येईनात!

"या ना अण्णा! आता हत्ती जाईल यातून!"

अण्णा उभेच. चौकटीला हात, आणि कान आत लावलेला.

मृणालच्या हातात सांडशी, सांडशीत पातेलं. तिनं अण्णांकडे पाहिलं. पातेलं खाली ठेवलं. आणि म्हणाली –

"अण्णा... डोकं!"

काय सांगू मंडळी! त्या एवढ्या उंच दारात तो एवढा उंच माणूस वाकला! वाकून आत आला, पाटावर बसला, आणि डोळे पुसत म्हणाला, "सूनबाई, चहात साखर कमी आहे."

चहा अजून गाळायचा होता!

तेव्हा पाडा, खुशाल पाडा! फक्त कुदळ मारण्याआधी त्या दाराशी कान लावा. दार गेलं तरी चालतं. आवाज देणारं माणूस हवं. आता कीर्तन संपलं, की बुक्का लावून तुम्ही दर्शनाला आत जाल. आपल्या गाभाऱ्याचं दारही ठेंगणंच – उंच करायचं देवस्थानाच्या दर सभेत ठरतं, म्हणून शाबूत आहे! तर पुढच्यानं आत जाऊन पळायचं नाही. थांबायचं. मागचा ओळखीचा नसू दे, बांधावरून कोर्टात भांडणारा भाऊ असू दे – वळून त्याला म्हणायचं –

"डोकं!"