डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवरचा बंगला

तुम्हाला सांगते, माझी परी तीन वर्षांची झाली तरी बोलंना. घोर लागला, म्हणून औरंगपुऱ्यात डॉक्टरीणबाईंकडं नेली. नाव काय, जेवली का, त्या परीला विचारायच्या आन् उत्तर मीच द्यायची.

तेवढ्यात माझी नजर भिंतीवरच्या चित्रावर गेली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं होतं म्हणे. नुसत्या काळ्या बारीक रेघा, पण त्यात केवढा बंगला, कारंजं, लांबच लांब बाग, झाडाचं पान न् पान वेगळं. मी बघतच राहिले.

परीनं माझी ओढणी ओढली. “आई, एवढं कोण झाडतं?”

मला रडूच फुटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बोलते की. ताई, तुम्ही आत्ता कुठं गप्प बसलात.”

मी डोळे पुसत विचारलं, “बाई, असलं चित्र कुठं मिळंल?”