आबांच्या निरोपाचं जेवण अंगणात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष व आपल्या संकुलाचे नवे चेअरमन माननीय विजयसिंहराव, पुण्याहून आलेले बांधकामाचे साहेब, ज्यांच्या मानासाठी आपण जमलो ते आपले जुने चेअरमन रामहरी आबा, दुकानदार बंधू आणि भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी रविराज. खाली जिन्याजवळ बोर्ड रंगवतो. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे भाषण लिहून आणलं होतं. ते खिशातच ठेवतो. आधी एक विनंती आहे. जेवणाची पंगत खाली अंगणात मांडली आहे. मागच्या दोन रांगांतल्या भगिनींनी मुलांना घेऊन आत्ताच पूर्वेच्या जुन्या जिन्याने उतरावं. घाई नको, ढकलाढकली नको. मी बोलत राहतो, आवाज खालीही येईल.

विजयसिंहराव, कार्यक्रमपत्रिकेत जेवण शेवटी आहे हे मला माहीत आहे. पत्रिका मीच रंगवली आहे. मला थोडं बोलू द्या.

आबांचा गौरव करायचा तर सुरुवात या जागेपासून करावी लागते. आज ज्याला आपण बारामतीतलं मोठं शॉपिंग सेंटर म्हणतो, तिथं मेंढ्यांचा बाजार भरायचा. कन्हेरीपासून शेळगावपर्यंतचे लोक कळप घेऊन यायचे, आणि बाजाराच्या कोपऱ्यात बिरोबाचा दगड होता. पुढे बाजार हलला. अठ्ठ्याहत्तर साली इथं एकमजली गाळे बांधायला काढले, तेव्हा एका खांबाचा खड्डा नेमका त्या दगडावर आला. आबा त्या खड्ड्यात जाऊन बसले. गवंड्याला म्हणाले, "खांब सरकंल. देव न्हाय सरकायचा."

खांब सरकला. चांगला दोन हात बाजूला गेला. नकाशावर मात्र तो सरळ रांगेतच राहिला. त्या वेळी कोणाला त्यात काही वाटलं नाही. वर नुसती गच्ची होती, वजन ते किती? दगडाभोवती कोनाडा झाला, त्याच्यापुढे छबूमावशींचं बांगड्यांचं दुकान झालं, आणि दर रविवारी तिथं भंडारा वाहिला जातो.

मधल्या दोन रांगांनी आता उठावं. खुर्च्या ओढू नका, उचलून बाजूला करा.

मग दोन वर्षांपूर्वी ठरलं की यावर आणखी दोन मजले चढवायचे. ते काय चुकीचं होतं? आपल्या मुलांना गाळे नकोत का? सगळ्यांनी हात वर केले, आबांनीही केला. साहेब मोजमापाला येणार म्हटल्यावर मात्र छबूमावशी घाबरल्या. "सायब बुटासकट आत आला तर? आन् दगूड बघितला तर म्हनंल, उचला ह्यो." झालं. आपण सगळ्यांनी मिळून बांगड्यांचे खोके कोनाड्यापुढे पार छतापर्यंत रचले. विजयसिंहराव, तुम्हीच हसत म्हणाला होतात, "आज देवाला सुट्टी." आपण सगळे हसलो होतो.

साहेब, यात तुमचा दोष कसा काढू? तुम्ही नकाशा पाहिला, खोके पाहिले. नवे खांब सरळ रांगेत उभे केले. माझ्या पाठीमागे ज्याला निरोपाचा फलक बांधला आहे, तो त्यातलाच खांब. वरचा मजला आणि पाण्याची टाकी त्याच्यावर आहे. त्याच्या खाली खांब नाही. त्याच्या खाली बिरोबा आहे.

कृपा करून बसून राहा. ज्यांची रांग सांगेन त्यांनीच उठायचं. जिना अरुंद आहे.

हे पहिल्यांदा आबांच्या ध्यानात आलं. गाळ्यांवरचा हा हॉल तयार झाला, सगळे फरशी बघत होते, आणि आबा या खांबाला हात लावून म्हणाले, "ह्याच्या खाली काय हाय रं?" त्यांनी कमिटीला सांगितलं, परत सांगितलं. तेव्हा काय ऐकावं लागलं, ते मी नाव न घेता सांगतो. "व्हय आबा, खुर्ची गेली की इमारत हलाय लागती व्हय?"

त्यानंतर आबा बैठकीत बोलले नाहीत. छबूमावशींच्या दुकानात तुळईला बारीक चीर दिसली, तेव्हा मला बोलावून घेतलं. चिरेवर आडवी कागदाची पट्टी खळीने चिकटवायला लावली. म्हणाले, "माझं आता कुनी ऐकत न्हाय. म्हनत्यात, म्हातारा दगडासाठी अडून बसलाय. ही पट्टी फाटली तर चीर वाढली समज, आन् तू बोलाय उभा ऱ्हा."

कार्यक्रमासाठी आज सकाळी वरची टाकी पहिल्यांदाच पूर्ण भरली. मघाशी हार आणायला खाली गेलो तर पट्टी मधोमध फाटलेली. छबूमावशींचं शटर अर्ध्यावर अडकलं आहे. टाकीचं पाणी सोडायला माणूस धाडला आहे, पण ती रिकामी व्हायला वेळ लागेल.

पुढच्या रांगा, आता तुम्ही. भिंतीच्या कडेकडेने जा.

आबा थकले म्हणून गावी निघाले, असं पत्रिकेत लिहिलं आहे. ते खरं नाही. अंगणात ट्रॅक्टर उभा आहे, त्याच्या ट्रॉलीत घोंगडीत गुंडाळलेला बिरोबा आहे. आज पहाटे आबांनी तो स्वतः उचलवला. ज्यांनी देवासाठी खांब सरकवला, ते म्हणाले, "देव मी कन्हेरीला माझ्या बांधावर न्हेतो. मग तरी हितं खांब घालाल का न्हाय?" यापेक्षा मोठा गौरव मला करता येत नाही. पण ती जागा आत्ता नुसती मोकळी आहे. तिथं अजून देवही नाही आणि खांबही नाही.

शाल आणि नारळ आपण खाली देऊ. टाळ्याही खालीच वाजवू. विजयसिंहराव, साहेब, आता व्यासपीठावरून आपण उतरावं. फलक राहू द्या, त्याला हात लावू नका.

मला बोलायला उभं केलंत, त्याबद्दल मंडळाचा आभारी आहे. बोलण्यात कोणाचा अवमान झाला असेल तर मला अंगणात खुशाल बोला. सगळे तिथं उभे दिसले की मी एकेकाची माफी मागेन.

आबा, चला. आबा मान हलवताहेत. ते सर्वांच्या शेवटी उतरणार म्हणतात. ठीक आहे. छबूमावशी, तुम्ही पुढे व्हा. मी आबांचा हात धरून येतो.