फेटलरचा कान

नाही हो बेन, सफाई कामगार नाही! खोडा ते. फेटलर. फे-ट-लर. व्यवसायाच्या रकान्यात तेच लिहा — आणि ओरडू नका, कान तपासायच्या आधीच सांगतो, ओरडून काही उपयोग नाही, कागदावर लिहा — हे काय, मोबाइल दाखवताय? ‘फेटल : तब्येत, मनःस्थिती.’ घ्या! म्हणजे मी मकरपुऱ्याच्या फाउंड्रीत तीस वर्षं तब्येत करत होतो? तोही अर्थ आहे, नाही असं नाही — ‘इन फाइन फेटल’ म्हणजे ठणठणीत, आमचे जुने साहेब रोज सकाळी म्हणायचे. पण खाली सरकवा ना जरा! भट्टीच्या तळाला अस्तर लावतात, तेही फेटल. कच्च्या मातीच्या भांड्याची शिवण खरवडतात, तेही. आमची अवनी, मुलगी माझी, लीड्सला असते — तिची घरमालकीण नळ गळायला लागला की म्हणते, थांब, फेटल करते! एवढासा शब्द, त्याला इतकी घरं, आणि तुमच्या फॉर्मात एक रकाना मिळू नये?

आमचं फेटलिंग म्हणजे — साच्यातून ओतीव लोखंड निघतं, वाळू चिकटलेली, कडा वाढलेल्या, ते छिन्नीनं, ग्राइंडरनं नीट करायचं. आणि शेवटी हातोडीनं वाजवायचं. टण्ण वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत चीर. चांगल्यावर खडूनं पासची खूण. साहेब म्हणायचे, भास्कररावांचा कान असताना तपासायला मशीन कशाला? — काय लिहिलंत? ‘ऐकू येणं कधीपासून बंद?’ निवृत्त झाल्यावर, लिहा. म्हणजे — थोडं आधी. तीन वर्षं आधी. आता असं बघू नका! वाजवायचो ना मी, रोज वाजवायचो — समोर दत्तात्रेय उभा असायचा, माझ्या हाताखालचा, त्यानं मान हलवली की पास. मी सांगितलं नव्हतं त्याला. त्याचं त्यालाच कळलं होतं, आणि तो कुणाला बोलला नाही.

एके दिवशी तो रजेवर. मग काय, काम थांबवू? सांगू सगळ्यांना? वाजवलं, आणि अंदाजानं खूण केली. पंधरा दिवसांनी तोच भाग वाघोडियाच्या गिऱ्हाइकाकडे तुटला. माणूस वाचला, नशीब. साहेब म्हणाले, भास्कररावांचा कान चुकणार नाही, हे दत्तात्रेयानं केलंय. रजेचा कागदसुद्धा पाहिला नाही कुणी. मी काय बोललो? काही नाही बोललो. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि डबा उचलून कायमचा निघून गेला — हे लिहू नका हं! माझा मुलगा केयूर बाहेर बसलाय. त्याला यातलं काही माहीत नाही.

चढवा ते हेडफोन कानावर. आवाज आला की बटण दाबायचं, समजलं मला. — हे दाबलं. — हे दाबलं. — बघा, बरोबर येतंय ना? उगाच आणलं मला केयूरनं, सांगतो त्याला, बाप ठीक आहे तुझा —

थांबा. खोडा ते, बेन. सगळं खोडा. आवाज सोडताना तुमची मान जरा खाली जाते, ती बघून दाबतोय मी. मला तीच सवय लागलीय.

खुर्ची फिरवा. पाठ करा माझ्याकडे. अशी. आता वाजवा.

वाजवलंत?