इवायाची पिकअप

मंडळी, एक विचारू? राग गिळला म्हणजे राग गेला का? — बघा, पुढच्या रांगेतल्या दोन-तीन माना लगेच हलल्या! 'गेला महाराज, गेला!' अहो, कुठं गेला? पोटातच ना? आणि पोटात गेलेलं गप्प बसतं का? हरभऱ्याची डाळ खाऊन झोपून बघा एकदा! ऐका, यावरच एक गोष्ट सांगतो.

जुन्नरकडच्या एका गावात रंगनाथ डुंबरे म्हणून गृहस्थ. रोपांची नर्सरी — मिरची, टोमॅटो, झेंडू. माणूस हसतमुख, गिऱ्हाइकाला वर मूठभर रोपं फुकट देणारा. एकुलती एक लेक, सुवर्णा. ती दिलेली पलीकडच्या गावात, हरिभाऊ औटींच्या मुलाला. म्हणजे हरिभाऊ रंगनाथरावांचे इवाई, व्याही! हरिभाऊंची लाकडाची वखार. आणि बोलणं? बोलणं असं, की वाळल्या ओंडक्याला पालवी फुटावी!

रंगनाथरावांना रोपं पोचवायला गाडी हवी होती. हरिभाऊंच्या दारात जुनी पिकअप उभी. पांढरीशुभ्र! ताजा रंग, आरशाला गोंडे. "पाहुणे, गाडी नाही ही, लक्ष्मी आहे! घरातली म्हणून तुम्हाला देतो." आता सांगा, इवायाला 'बॉनेट उघडा' म्हणायचं कसं? जावई बघताना नाही उघडलं काही, तर गाडीचं काय उघडणार! व्यवहार झाला, पेढे वाटले.

पहिलीच खेप. मागं झेंडूची रोपं, पुढं चढ — आणि धूर! पुढनं धूर, मागनं धूर, मधे रंगनाथराव! होमाला बसलेत जणू! ट्रॅक्टरला दोर बांधून लक्ष्मी घरी आली, रोपं रस्त्यातच माना टाकून बसली. मेहबूबभाई मिस्त्री आले. त्यांनी दाराखाली अंगठा दाबला — अंगठा आत! पत्रा गंजून गेलेला, वर नुसती पुट्टी आणि रंग. "शेठ, गाडी कुठली ही? रंगवलेला पापड आहे!"

रंगनाथराव लालबुंद! "आत्ताच्या आत्ता जातो. औट्यांच्या दारात उभा राहून विचारतो, लाज वाटत नाही का?" तोच हिराबाई, त्यांची बायको, दारात आडवी. "अहो, लेक नांदतीय तिथं. तुम्ही बोलून याल, ऐकावं तिला लागंल." — बायांनो, खरं की खोटं? — रंगनाथरावांनी तोंड मिटलं. राग गिळला.

पण काढायचा कुठं? गाडीवर! रोज संध्याकाळी मेहबूबभाईंबरोबर अंगणात. इंजिन खोललं, दारं उतरवली, सगळी पुट्टी खरवडून गंज उघडा केला. हातात पॉलिश पेपर, आणि तोंडानं — "लक्ष्मी म्हणे!" खर्र! "घरातली म्हणे!" खर्र! मिस्त्री खूश. "शेठ, असा राग आणखी दोघा गिऱ्हाइकांना आला, तर मला गडी नको ठेवायला!"

नवा पत्रा जोडला, इंजिन बसवलं, वर निळा रंग. मागच्या हौद्याच्या कुजक्या फळ्या तेवढ्या राहिल्या. आणि एक दिवस किल्ली फिरवली — सुरू! मंडळी, काय तो आवाज! रंगनाथरावांनी मिस्त्रीला मिठी मारली, हिराबाईंनी गाडी ओवाळली. वाटलं, चला, गाडी सुधारली, राग निवला. — निवला?

नागपंचमी आली. दर साली लेकीला आणायला ते स्वतः जायचे. यंदा? 'रोपांची गडबड आहे.' लेकीचा फोन आला की 'आईकडं देतो.' सण दोन दिवसांवर आला, आणि एका सकाळी हिराबाई गोठ्यात, फोन यांनाच घ्यावा लागला.

"आप्पा, माझं काही चुकलं का?"

"नाही गं बाई."

"मग न्यायला का नाही आलात? आळीतल्या सगळ्या माहेरी गेल्या..." पुढं नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

जिला झळ लागू नये म्हणून तोंड मिटलं, ती झळ तिलाच! रंगनाथराव तसेच उठले. टोपी घातली, गाडी काढली.

हरिभाऊ ओट्यावरच होते. "वा पाहुणे! म्हटलं नव्हतं, लक्ष्मी आहे? बघा कशी चालतीय!" — काय करावं, सांगा? तुमचा हात शिवशिवला ना? रंगनाथरावांचाही शिवशिवला! पण ते ओट्यावर बसले. लेकीनं आणलेलं पाणी प्याले. मग शांतपणे म्हणाले, "पाहुणे, गाडी तुम्ही मला खराब दिलीत. पत्रा सडका, इंजिन संपलेलं. तुम्हाला ठाऊक होतं का, ते तुमचं तुम्ही जाणा. मला फार राग आला. तुम्हाला बोललो नाही, आणि काढला लेकीवर. म्हणून आज सांगायला आलो."

हरिभाऊंचा आवाज खाली आला. जन्मात पहिल्यांदा! मान खाली घालून म्हणाले, "ठाऊक होतं. पण तुम्ही भांडायला आलाच नाहीत. तुमच्याकडनं फोन आला की मी वखारीत पळायचो. म्हटलं, आज बोलतील, उद्या बोलतील... मोठ्यानं बढाया मारत राहिलो, झालं."

आतून विहीणबाई कडाडल्या, "मी सांगत नव्हते, खरं सांगून टाका म्हणून?" आणि सुवर्णाला हसू फुटलं — डोळ्यात पाणी अन् तोंडावर हसू!

हरिभाऊ उठले. हौद्यात वाकून बघितलं. "फळ्या राहिल्यात."

"राहिल्यात."

"बाभळीच्या घालतो. माझ्या हातानं."

पानं वाढेपर्यंत एक इवाई फळी धरतोय, दुसरा ठोकतोय! मधे हातोडी हरिभाऊंच्या अंगठ्यावर बसली, आणि रंगनाथरावांना बरं वाटलं. — अहो, माणूसच तो! तेवढं देव चालवून घेतो. जेवणं झाली, लेक पुढच्या सीटवर बसली, आणि बाप-लेक झोका बांधायला घरी निघाले.

आता तुमच्याकडं वळतो. इथं मांडीला मांडी लावून बसलात, आणि सख्ख्या भावाशी बोलणं नाही, असे किती? हात वर करू नका, तो मागंच बसलाय! 'आम्ही कुठं भांडतो महाराज, आम्ही गप्पच असतो!' अरे, तेच तर! भांडणाऱ्याचा राग ज्याचा त्याला पोचतो. गप्प बसणाऱ्याचा बायकोच्या ताटात सांडतो, पोराच्या पाठीत बसतो. त्यांनी काय केलं होतं तुमचं? ज्याच्यावर राग आहे, त्याच्या ओट्यावर जा. आधी पाणी प्या. शिवी न देता खरं बोला. समोरचा फळ्या देईल, न देईल. सगळेच हरिभाऊ नसतात. पण 'माझं काय चुकलं' म्हणत तुमच्या घरात कोणी रडत असेल, ते तरी थांबेल!

चला, टाळ उचला. नाम असं घ्या की मिटलेली तोंडं आधी उघडावीत — आणि प्रसादाला उभं राहाल ना, तेव्हा आज पाठ फिरवू नका, मागं बसलेल्या त्या भावाकडं तोंड करा!